आठवड्यातून दोनदा मासळी : एका पथ्याचा इतिहास

आजाऱ्याने काय खावे आणि काय वर्ज्य करावे, याचा विचार जगातल्या प्रत्येक वैद्यकपरंपरेने केलेला आहे. परंतु धडधाकट दिसणाऱ्या प्रौढ माणसाने वीस-पंचवीस वर्षांनी येऊ शकणारा आजार टाळण्यासाठी आजपासूनच अमुक एक पदार्थ ताटात ठेवावा, हा विचार मात्र फार जुना नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा मासळी खाल्ल्याने हृदयविकाराचा धोका कमी होतो, हे आज डॉक्टरांच्या तोंडून सहज ऐकू येणारे वाक्य जेमतेम पन्नास वर्षांचे आहे, आणि या पन्नास वर्षांत ते जितक्या वेळा सिद्ध झाले असे वाटले, जवळजवळ तितक्याच वेळा त्याच्याविषयी शंकाही घेतली गेली. दीर्घकालीन आजार म्हणजे जंतुसंसर्गाने अचानक न उद्भवता शरीरात वर्षानुवर्षे मुरत जाणारे, आणि एकदा जडले की बरे होण्यापेक्षा आटोक्यातच ठेवावे लागणारे आजार. हृदयधमन्यांचा विकार, पक्षाघात आणि मधुमेह हे त्यांतले प्रमुख. मासळीचा संबंध या आजारांशी, आणि त्यातही विशेषतः हृदयाशी, कसा आणि कोणी जोडला याचा इतिहास मुळातून पाहण्याजोगा आहे.

मासळीचे गुणदोष भारतीय वैद्यकाला अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानविधीच्या अध्यायात नदीतले आणि समुद्रातले असे माशांचे दोन वर्ग केलेले असून समुद्रातले मासे गुरू म्हणजे पचायला जड, स्निग्ध, उष्ण आणि वातशामक मानले आहेत. चरकसंहितेने मासे आणि दूध एकत्र खाणे विरुद्धाहारात गणले. तर बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात माशांच्या जाती, त्यांना पकडण्याच्या तऱ्हा आणि ते रांधण्याच्या कृती विस्ताराने आल्या आहेत. मात्र या साऱ्या विवेचनाचा रोख बल, पचन आणि दोषांचे संतुलन यांवर आहे. त्यात आधुनिक हृदयविज्ञान शोधू पाहणे म्हणजे त्या ग्रंथांवरही अन्याय आणि विज्ञानावरही.

युरोपात मासळीने औषधाच्या कपाटात प्रवेश केला तो कॉड माशाच्या यकृताच्या तेलाच्या रूपाने. उत्तर समुद्रालगतचे कोळी हे तेल सांधेदुखीवर पूर्वापार वापरत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील मँचेस्टरच्या रुग्णालयात ते संधिवाताच्या रुग्णांना देऊ लागले आणि टॉमस पर्सिव्हल या डॉक्टरांनी त्याविषयी लिहिले. पुढे १९१९ च्या सुमारास एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून मुडदूस, म्हणजे लहान मुलांची हाडे मऊ पडून वाकण्याचा विकार, या तेलाने टळतो हे दाखवले, आणि १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी त्यातला कारणीभूत घटक वेगळा ओळखून त्याला ‘ड’ जीवनसत्त्व असे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेकडून येणारे कॉडचे तेल बंद झाल्यावर मुंबई, मद्रास आणि त्रावणकोर येथील सरकारांनी मुशीच्या यकृतापासून ‘अ’ जीवनसत्त्वाने समृद्ध असे तेल काढण्याचे उद्योग उभारले, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांची मुशीही या इतिहासात ओढली गेली. तरी येथपर्यंतचा सगळा व्यवहार उणिवेच्या रोगांचा होता. अमुक जीवनसत्त्व कमी पडले म्हणून आजार झाला, ते भरून काढले की आजार गेला, असा हा सरळ हिशेब होता. हृदयविकाराचा हिशेब इतका सरळ नव्हता.

त्याची पहिली चाहूल युद्धानेच दिली, पण ती त्या वेळी कोणी नीट ऐकली नाही. १९४० ते १९४५ या जर्मन ताब्याच्या काळात नॉर्वेमध्ये मांस, लोणी आणि अंडी दुर्मीळ झाली, लोक मासळी आणि बटाट्यांवर आले, आणि रक्ताभिसरणाच्या विकारांनी होणारे मृत्यू घटले. ही आकडेवारी स्ट्रॉम आणि येन्सेन यांनी १९५१ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तेव्हाच्या अभ्यासकांनी तिचा अर्थ ‘चरबी कमी, म्हणून मृत्यू कमी’ असा लावला. चरबीच्या जागी काय आले, हा प्रश्न मागे पडला. त्या आधीच, १९२९ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते की काही मेदाम्ले, म्हणजे स्निग्ध पदार्थ ज्यांचे बनलेले असतात ती आम्ले, शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत आणि ती अन्नातूनच मिळावी लागतात. चरबी जितकी कमी तितके बरे असे सरसकट म्हणता येणार नाही, कोणती चरबी हे पाहावे लागेल, असा त्या शोधाचा अर्थ होता. तो अंगवळणी पडायला चाळीस वर्षे लागली.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधील ऑल्बोर्ग शहराच्या रुग्णालयात काम करणाऱ्या हान्स ओलाफ बांग आणि त्यांचे तरुण सहकारी यॉर्न ड्युरबर्ग यांचे लक्ष एका विसंगतीकडे गेले. ग्रीनलँडच्या आरोग्यखात्याच्या अहवालांत तेथील मूळ रहिवाशांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू फारच थोडे नोंदलेले होते, आणि तरीही हे लोक सील, देवमासा आणि मासे यांच्या चरबीवर जगत होते. या लोकांना तेव्हा सर्रास एस्किमो म्हटले जाई. आज ते स्वतःला इन्युइट म्हणवतात. चरबीने हृदय बिघडते हा त्या काळचा सिद्धान्त खरा असेल, तर ग्रीनलँडचा शिकारी तिशीतच कोसळायला हवा होता. १९७० मध्ये बांग, ड्युरबर्ग आणि प्रयोगशाळेतील सहकारी नील्सेन यांनी ग्रीनलँडच्या वायव्य किनाऱ्यावरील, उत्तर ध्रुववृत्ताच्याही बरेच उत्तरेला असलेल्या उम्मान्नाक या जिल्ह्यात जाऊन १३० स्त्रीपुरुषांच्या रक्ताचे नमुने घेतले. उम्मान्नाक या नावाचा अर्थ ‘हृदयासारखे’ असा आहे; त्या बेटावरच्या डोंगराच्या आकारावरून ते पडले आहे.

१९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तात फिरणारी साधी चरबी, ही दोन्ही डेन्मार्कच्या नागरिकांपेक्षा कमी आढळली; विशेष म्हणजे डेन्मार्कमध्ये येऊन राहिलेल्या ग्रीनलँडवासीयांच्या रक्तात हा फरक उरला नव्हता. याचा अर्थ रहस्य वंशात नसून ताटात आहे, असा त्यांनी लावला. पुढच्या मोहिमांत त्यांनी लोकांच्या जेवणाचे नमुने गोळा करून त्यांचे पृथक्करण केले, तेव्हा ग्रीनलँडच्या आहारातील एकूण चरबी डॅनिश आहाराहून फारशी वेगळी निघाली नाही. वेगळी होती ती तिची जात. ओमेगा-३ नावाच्या कुळातील मेदाम्ले तेथे दिवसाला सुमारे १४ ग्रॅम पोटात जात होती, तर डेन्मार्कमध्ये ३ ग्रॅमच्या आसपास. या कुळातली दोन मेदाम्ले महत्त्वाची ठरली, आणि त्यांची नावे लांबलचक असल्याने ती ईपीए आणि डीएचए या आद्याक्षरांनीच ओळखली जातात. ही मेदाम्ले मासा स्वतः फारशी तयार करत नाही. समुद्राच्या पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शेवाळे ती बनवतात, शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांतून ती लहान माशांत जातात, आणि लहान माशांतून मोठ्या माशांत व सीलमध्ये साठत जातात. थंड पाण्यातही ती गोठत नाहीत, हा त्यांचा गुण समुद्रातल्या जीवांना उपयोगाचा असतो. जवसात याच कुळातले एक धाकटे मेदाम्ल भरपूर असते, आणि विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी त्यासाठी वाखाणली जाते ते योग्यच आहे. मात्र त्याचे ईपीए आणि डीएचएमध्ये रूपांतर करण्याची मानवी शरीराची शक्ती बेताची असते.

रक्तावर या मेदाम्लांचा परिणाम कसा होतो हे पाहण्यासाठी रक्तस्रावकाल मोजण्यात आला. या तपासणीच्या रूढ पद्धतीत दंडाला पट्टा आवळून हाताच्या आतल्या बाजूला एक लहानशी चीर देतात, दर अर्ध्या मिनिटाला टिपकागदाची कड जखमेशी टेकवतात आणि कागदावर लाल ठिपका उमटायचा कधी थांबतो ते घड्याळात पाहतात. ग्रीनलँडच्या लोकांत हा काळ सुमारे आठ मिनिटे भरला, डॅनिश लोकांत सुमारे पाच. रक्तातील बिंबिका, म्हणजे जखमेवर गोळा होऊन गुठळी करणाऱ्या सूक्ष्म पेशी, ईपीएने भरलेल्या असल्या की एकमेकींना कमी चिकटतात, आणि हृदयधमनीत अडकणारी गुठळी हाच हृदयविकाराच्या झटक्याचा तात्कालिक घाव असतो. हा दुवा बांग आणि ड्युरबर्ग यांनी १९७८ मध्ये जॉन व्हेन आणि सल्व्हादोर मोंकादा यांच्यासह मांडला. व्हेन यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रोस्टाग्लँडिन या शरीरातील रसायनांवरील कामासाठी, आणि गुठळीचे गणित याच रसायनांच्या कुळात सुटते. १९७६ च्या मोहिमेत सामील झालेल्या ऑक्सफर्डच्या ह्यू सिंक्लेअर यांनी तर १९७९ मध्ये स्वतः शंभर दिवस सील, मासे आणि समुद्रातले इतर जीव एवढ्यावरच काढले, तेव्हा त्यांचा रक्तस्रावकाल कित्येक पटींनी वाढला. साठीच्या घरातल्या त्या शास्त्रज्ञाची निष्ठा थोर होती, परंतु गुठळी न होणे हे एका मर्यादेपलीकडे वरदान राहत नाही, हेही त्या प्रयोगाने दाखवले.

याच मुद्द्याला धरून असलेली एक नोंद पुढे लोकप्रिय लेखनातून जवळजवळ पुसली गेली. ग्रीनलँडच्या उपर्नाविक या आणखी उत्तरेकडच्या जिल्ह्यातील १९५० ते १९७४ या पंचवीस वर्षांच्या वैद्यकीय नोंदी क्रोमान आणि ग्रीन यांनी तपासून १९८० मध्ये प्रसिद्ध केल्या. डेन्मार्कच्या प्रमाणाने तेथे हृदयविकाराचे ४० झटके अपेक्षित होते, प्रत्यक्षात ३ आढळले. हा आकडा जगभर गाजला. पण त्याच तक्त्यात पक्षाघाताचे १५ रुग्ण अपेक्षित असताना २५ आढळले होते, आणि या आकड्याची वाच्यता क्वचितच झाली. पुढे २००३ मध्ये ब्येरेगार्ड आणि २०१४ मध्ये कॅनडातील जॉर्ज फोडोर यांनी सहकाऱ्यांसह जुनी सामग्री तपासली. विरळ वस्तीच्या, डॉक्टरांची वानवा असलेल्या त्या प्रदेशातील मृत्यूच्या नोंदी भरवशाच्या नाहीत, आणि बांग-ड्युरबर्ग यांनी हृदयविकाराचे प्रमाण स्वतः कधी मोजलेच नव्हते, असे त्यांनी दाखवून दिले. २०१५ मध्ये इन्युइटांच्या जनुकांत मेदाम्लांच्या घडणीशी संबंधित असे बदल आढळले की जे इतर मानवसमूहांत दुर्मीळ आहेत. म्हणजे हजारो वर्षे समुद्री चरबीवर जगता जगता त्यांचे शरीरच वेगळे घडले होते. २०१९ मध्ये ग्रीनलँडच्या सोळाव्या शतकातील चार ममींचे सीटी स्कॅन झाले तेव्हा त्यांतल्या तिघांच्या धमन्यांत कॅल्शियमचे थर दिसले. बंद घरात सीलच्या चरबीचे दिवे जाळणाऱ्या त्या माणसांच्या फुप्फुसांत रोज किती धूर जात असेल, याचाही विचार तेव्हा करावा लागला.

म्हणून ग्रीनलँडची कथा आरंभ म्हणून मोलाची आहे, पण पुरावा म्हणून तोकडी आहे. ओमेगा-३ हा शब्द तिच्यामुळे वैद्यकात आला; परंतु सील खाणाऱ्या शिकाऱ्यावरून बाजारात मासळी विकत घेणाऱ्या शहरी माणसाविषयी काही सांगता येत नाही. मासळीची खरी परीक्षा झाली ती नेदरलँड्समधील आयसेल नदीकाठच्या झुटफेन या गावात. अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासातले हे एक केंद्र. १९६० मध्ये तेथील हृदयविकार नसलेल्या ८५२ मध्यमवयीन पुरुषांच्या खाण्याची माहिती घेण्यात आली, आणि ती घेताना आहारतज्ज्ञांनी त्या पुरुषांबरोबर त्यांच्या पत्नींनाही प्रश्न विचारले. घरात कोणता जिन्नस किती येतो, तो कसा शिजतो आणि कोणाच्या ताटात किती पडतो, हे स्वयंपाक करणारीलाच ठाऊक असते, ही साधी गोष्ट ओळखण्याइतके हे संशोधन जमिनीवर होते. पुढच्या वीस वर्षांत त्यांतले ७८ जण हृदयविकाराने दगावले. दान क्रोमहाउट आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा दिवसाला सरासरी निदान ३० ग्रॅम मासळी खाणाऱ्यांत हा मृत्युदर मासळी मुळीच न खाणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी निघाला.

३० ग्रॅम म्हणजे मधल्या आकाराच्या एका तुकडीच्याही निम्मे. आठवड्याच्या हिशेबाने दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे दोन जेवणांपुरती मासळी. त्यातही झुटफेनमधली बरीचशी मासळी कॉड आणि प्लेस यांसारखी कमी चरबीची होती, हेरिंग आणि मॅकरेल यांसारखी तेलकट मासळी थोडी होती. इतक्या अल्प प्रमाणात ओमेगा-३ गुठळीवर कितीसा परिणाम करणार, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला, आणि त्यातून मासळीचे कार्य हृदयाची लय सावरण्यात, म्हणजे ठोके एकाएकी बिघडून येणारा आकस्मिक मृत्यू टाळण्यात असावे, असा विचार पुढे आला. मासळी खाणारा माणूस त्या जेवणापुरते लाल मांस आणि लोणी खात नाही, हेही एक कारण असू शकते. वस्तुतः हा मुद्दा जितका साधा तितकाच निर्णायक आहे, आणि पुढे मासळीऐवजी माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचा पुरस्कार करणाऱ्यांनी त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

झुटफेनचे पुरुष काय खात होते हे फक्त टिपले गेले. त्यांना काही खायला सांगितले गेले नव्हते. सांगून पाहिले ते वेल्समध्ये. कार्डिफ येथील मायकेल बर यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २०३३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत विभागले. कोणाला चरबी कमी करायला सांगितले, कोणाला कोंडायुक्त धान्य वाढवायला आणि कोणाला आठवड्याला २०० ते ४०० ग्रॅम तेलकट मासळी खायला. १९८९ मध्ये निकाल आला तेव्हा चरबी आणि कोंड्याच्या सल्ल्याने मृत्यू घटले नव्हते, मासळीच्या सल्ल्याने मात्र दोन वर्षांतले एकूण मृत्यू २९ टक्क्यांनी घटले होते. या रुग्णांना खायला सांगितलेल्या मॅकरेल, हेरिंग, पिलचर्ड आणि सार्डिन या मासळीची नावे मराठी वाचकाला परकी वाटतील, पण मॅकरेल हा बांगड्याचा भाऊबंद आहे, आणि पिलचर्ड-सार्डिन तारलीच्या कुळातले आहेत.

कार्डिफच्या प्रयोगात ज्यांना मासळी आवडत नव्हती त्यांना माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्यायची मुभा होती. या मुभेतून पुढे एक मोठा व्यापार उभा राहिला. १९९९ मध्ये इटलीत ११,३२४ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात रोज एक ग्रॅम ओमेगा-३ची कॅप्सूल घेणाऱ्यांत आकस्मिक मृत्यू लक्षणीय घटले, आणि मासळीच्या जागी गोळी ही कल्पना रूढ झाली. त्यानंतरचा इतिहास मात्र उतरणीचा आहे. बर यांनीच एनजायनाच्या, म्हणजे श्रमाने छातीत कळ येण्याच्या, ३,११४ रुग्णांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात २००३ मध्ये फायदा दिसला नाही, उलट कॅप्सूल घेणाऱ्यांत हृदयमृत्यू अधिक आढळले. बर यांनी तो निकाल जसाच्या तसा प्रसिद्ध केला, याची नोंद त्यांच्या श्रेयात झाली पाहिजे. २०१८ मध्ये अमेरिकेतील २५,८७१ प्रौढांवरील आणि ब्रिटनमधील १५,४८० मधुमेहींवरील दोन मोठ्या प्रयोगांत रोजच्या एक ग्रॅम कॅप्सूलने हृदयविकाराच्या मुख्य घटना घटल्या नाहीत. मोठ्या मात्रेतील शुद्ध ईपीएच्या औषधाने काही निवडक रुग्णांना लाभ झाल्याचे त्याच वर्षी दिसले, पण तो औषधोपचाराचा विषय आहे, डॉक्टरांच्या देखरेखीचा आहे, आणि मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा एक प्रकार वाढतो हेही त्यासोबत कळले. अमेरिकेतल्या त्या मोठ्या प्रयोगातला एक तपशील बोलका आहे: ज्यांच्या आहारात मासळी आठवड्याला दीड वेळेपेक्षाही कमी होती त्यांना कॅप्सूलचा काही उपयोग झालेला दिसला, आणि जे आधीच मासळी खात होते त्यांना काहीच नाही.

ताटातली मासळी या सगळ्या उलथापालथीत बऱ्यापैकी टिकून राहिली. २००६ मध्ये दारियुश मोझफ्फारियन आणि एरिक रिम यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून आठवड्याला एक-दोन वेळा मासळी खाण्याने हृदयविकाराचे मृत्यू सुमारे ३६ टक्क्यांनी कमी होतात, आणि त्याहून जास्त खाल्ल्याने फारसा अधिक लाभ होत नाही, असे मांडले. २०२१ मध्ये चेन्नईच्या दीपा मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ देशांतील १,९१,५५८ माणसांची माहिती तपासली. ज्यांना आधीच हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा विकार आहे त्यांच्यात आठवड्याला १७५ ग्रॅम मासळीने धोका घटलेला दिसला, आणि तोही मुख्यतः तेलकट मासळीने. सर्वसामान्य निरोगी लोकांत असा स्पष्ट फायदा दिसला नाही. म्हणजे दावा जितका मोठ्या आवाजात केला जातो तितका पुरावा मोठा नाही, पण तो आहे, आणि तो शिजलेल्या मासळीच्या बाजूने आहे.

शिजवण्याची रीतही येथे गौण नाही. अमेरिकेतील वृद्धांच्या एका दीर्घ अभ्यासात २००३ मध्ये असे आढळले की भाजलेली किंवा भट्टीत शेकलेली मासळी खाणाऱ्यांत हृदयमृत्यू कमी होते, तर तळलेली मासळी खाणाऱ्यांत हा फायदा नव्हता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ मध्ये सल्ला देताना ‘न तळलेली’ हा शब्द मुद्दाम घातला तो याच कारणाने. रव्यात घोळवून तेलात सोडलेली तुकडी जिभेला कितीही प्रिय असली तरी तिला पथ्य म्हणता येणार नाही. पाऱ्याचा प्रश्नही असाच डावलता येत नाही. जपानमधील मिनामाता उपसागरात कारखान्याच्या सांडपाण्यातून गेलेला पारा मासळीत साठला आणि तेथील कोळी कुटुंबांच्या मज्जासंस्था उद्ध्वस्त झाल्या; हा आजार १९५६ मध्ये जगापुढे आला. पारा लहान माशांतून मोठ्यांत साठत जातो, त्यामुळे मुशी, तलवार मासा आणि मोठा कुपा यांसारख्या शिकारी माशांत तो जास्त असतो, अन्नसाखळीच्या तळाशी राहणाऱ्या तारली-बांगड्यांत कमी. ज्या वाटेने ओमेगा-३ वर चढते त्याच वाटेने पाराही चढतो, म्हणून लहान आणि तेलकट मासा हा दोन्ही दृष्टींनी चांगला.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हा लहान, तेलकट मासा मानाचा कधीच नव्हता. पाहुण्याला वाढायचा तो पापलेट, सुरमई, हलवा. तारली आणि पेडवे घरच्यासाठी, आणि पावसाळ्यानंतर त्यांची लूट आली की खाऊन उरतील त्या माडांच्या आळ्यात. मलबार आणि दक्षिण कानडाच्या किनाऱ्यावर तर तारलीचे तेल हाच धंदा झाला. मोठ्या कढयांत तारल्या उकळायच्या, काथ्याच्या पिशव्यांत भरून दाबायच्या, पाण्यावर तरंगणारे पिवळे तेल काढून घ्यायचे आणि उरलेला चोथा वाळवून चहा-कॉफीच्या मळ्यांना खत म्हणून विकायचा, असा हा उद्योग होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रास प्रांताच्या मत्स्यविभागाचा पाया घालणाऱ्या सर फ्रेडरिक निकोल्सन यांनी या धंद्याला शास्त्रीय वळण लावण्याचा प्रयत्न केला. त्या तेलाने होड्यांची लाकडे माखली जात, दिवे जळत. त्यात माणसाच्या हृदयाला उपयोगी असे काही आहे, ही कल्पना तेव्हा जगात कोणालाच नव्हती, त्यामुळे त्या पिढ्यांना दोष देता येत नाही. आज ती आहे, आणि तरीही किनाऱ्यावर उतरणाऱ्या तारलीचा मोठा वाटा फिशमीलच्या, म्हणजे मासळीची भुकटी आणि तेल काढणाऱ्या, कारखान्यांकडे जातो. त्या भुकटीवर कोळंबी पोसली जाते आणि ती कोळंबी परदेशी रवाना होते. स्वस्त पोषणाची ही उधळपट्टी आहे, आणि तिला विकास म्हणणे चुकीचे आहे.

सुक्या मासळीचा प्रश्न थोडा वेगळा. वर्सोवा, वसई, अर्नाळा या पट्ट्यात बोंबील वाळतात ते जबड्यात जबडा अडकवून, बांबूंच्या मांडवावर ताणलेल्या दोऱ्यांवर, बहुधा मिठाशिवाय, केवळ ऊन आणि वारा यांच्या जोरावर. खारा बांगडा आणि खारवलेली सुरमई मात्र मिठातच मुरलेली असते, आणि रक्तदाबाच्या रुग्णाने ती जपूनच खावी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्यावर हीच सुकी मासळी घर चालवी, नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होईपर्यंत. आठवड्याचे वारही या किनाऱ्याने आपल्या परीने वाटून घेतले आहेत: सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार देवाचे, आणि बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीचे. कॅलेंडरची ही विभागणी श्रद्धेने केली, वैद्यकाने नव्हे. परंतु झुटफेनच्या हिशेबाशी आणि कार्डिफच्या सल्ल्याशी ती ताडून पाहिली तर प्रमाण जवळपास तेच निघते.

कोकम आणि तिरफळ घालून मातीच्या भांड्यात आटवलेले बांगड्याचे किंवा तारल्यांचे तिखले यात तळण नाही, लोणी नाही, आणि माशाची चरबी रश्श्यातच उतरलेली असल्याने ती भाताबरोबर पोटात जाते. ज्या घरात बुधवारी किंवा शुक्रवारी ते भांडे चुलीवर चढते, त्या घराला माशाच्या तेलाची कॅप्सूल विकत घेण्याचे कारण नाही.